शाळेचं पान

झांबियाचं काही वाईट झालेलं कळलं की गंगाराम शिवलकराला बरं वाटायचं. पेढे वाटावेत इतकं नव्हे, पण त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. एरवी हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. रत्नागिरीच्या सांख्यिकी कार्यालयात सहायक, सायकलवरून येणार-जाणार, वाटेत कुणाची गाय आडवी आली तर घंटी न वाजवता उतरून उभा राहणार. त्याचं वैर होतं ते फक्त त्या एका देशाशी, आणि त्या देशाने त्याचं काही वाकडं केलं होतं असंही नाही. उलट जन्मातली सगळ्यात चांगली तीन वर्षं त्याला तिथेच मिळाली होती. दुखणं तेच होतं.

सत्याहत्तर साली आपल्या सरकारने झांबियाला काही जाणकार माणसं उसनी दिली. आकडेवारीच्या कामासाठी आधी एका मोठ्या साहेबांचं नाव निघालं होतं. पण ऐन वेळी साहेबांच्या पोटात दुखायला लागलं आणि पदवीला पहिल्या वर्गात आलेला म्हणून गंगारामचं नाव पुढे सरकलं. वाडीतली माणसं बोटीवर जायची, मुंबईला गिरणीत जायची. पण विमानात बसून परमुलखात आकडे जुळवायला जाणारा हा पहिलाच. लुसाकाला, तिथल्या राजधानीत, त्याला स्वतंत्र खोली मिळाली. खिडकीबाहेर जांभळ्या फुलांचं झाड, दारावर नावाची पाटी. तो देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि तो स्वतःला मोजत होता, नव्या घरात आलेली सून भांडीकुंडी मोजून घेते तसा. शाळा किती, शाळेत मुली किती, दवाखान्यात खाटा किती, तांबं किती निघालं, तान्ही पोरं किती दगावली. गंगाराम आणि त्याचा तिथला जोडीदार मुसोंडा जीपमधून गावोगाव फिरायचे, मक्याची लापशी खायचे आणि आकडे पारखायचे. बैठकीत गंगाराम बोलायला लागला की माणसं पेन उचलायची. रत्नागिरीत तो बोलायला लागला की साहेब चहा मागवायचे.

ऐंशीच्या मे महिन्यात तो रजेवर घरी आला तो बायकोला आणि मागच्या रजेनंतर झालेल्या लेकीला, वर्षाच्या चिमाला, न्यायला. रघूने, म्हणजे धाकट्या भावाने, मुंबईहून मोठी निळी बॅग आणून दिली होती. लुसाकाला जून-जुलैत थंडी पडते असं गंगारामने कळवल्यामुळे त्याची बायको राही हिने चिमासाठी आकाशी रंगाचा स्वेटर विणला होता. रत्नागिरीत स्वेटर! वाडीतल्या बायका तो हातात घेऊन बघून गेल्या. आणि निघायला आठवडा राहिला असताना गंगारामची आई, गोदूबाई, विहिरीच्या पायरीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं.

शिवलकरांच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट कौल लावल्याशिवाय होत नसे. ग्रामदेवीच्या देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो, पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या देवीच्या पाषाणाला डावी-उजवीकडे चिकटवतो, आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गोदूबाईने खाटेवरून निरोप धाडला, विठू गुरवाने कौल लावला, आणि डावी पाकळी टपकन पडली. गंगारामने दोन महिन्यांची रजा वाढवली, मग सहा महिन्यांची. मग लुसाकाहून एक सभ्य पत्र आलं आणि त्याच्या नावाची पाटी दारावरून उतरली. निळी बॅग माळ्यावर गेली.

गोदूबाईचं हाड जुळलं, पण वाकडं. ती खाटेची झाली. खाट माजघरात होती, पुढच्या आणि मागच्या दारांच्या बरोबर मध्ये. घरातून बाहेर पडायचं तर तिच्या पायथ्याशी वळसा घालूनच. "खय चाललास रं?" असं ती विचारायची. रागाने नव्हे, एकटीला करमत नाही म्हणून. गंगाराम सांगायचा, कचेरीत. कधी सांगायचा, चक्कर मारून येतो. एकदा परसाकडे निघाला असतानाही तिने विचारलं, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण ह्या दोन दारांच्या मधेच म्हातारे होणार.

कचेरीत तरी काय वेगळं होतं? लुसाकाला एका देशाचं साक्षरतेचं कोष्टक बसवणारा माणूस इथे कोंबड्या मोजत होता. पशुगणना. कोंबडीवाली विचारायची, मोजून काय करणार? हा पुढचं खुराडं मोजायला घ्यायचा.

मुसोंडा मात्र विसरला नव्हता. तो दर वर्षी तिथलं सरकारी आकडेवारीचं पुस्तक जहाजाच्या टपालाने पाठवायचा. ते शिळं होऊन यायचं, कडेला खाऱ्या हवेने फुगलेलं. आलं की त्या रविवारी दुपारी गंगाराम माजघरात आईच्या खाटेशी बसून ते वाचून दाखवायचा. गोदूबाई ऐकायची, राही तांदूळ निवडत ऐकायची.

"तांब्याचा भाव आणखी उतरला," तो म्हणायचा. "ह्या देशाचं सगळं पोट तांब्यावर. भाव उतरला की औषधं नाहीत, साखर नाही. बघ, साखरेची आयात निम्म्यावर. त्यांच्या पैशाची किंमत तर बघूच नको."

"बरा झाला नाय गेलास तो," गोदूबाई म्हणायची.

गंगारामला नेमकं हेच ऐकायचं असायचं. त्याची मान हलायची, चेहरा सैल व्हायचा. मग रात्री पाठ टेकल्यावर त्याला स्वतःची लाज वाटायची, कारण त्या पुस्तकातल्या एकेका आकड्यामागची माणसं त्याने डोळ्यांनी बघितली होती. पण करणार काय? माणसाला आपला पिंजरा सोसायचा असेल तर बाहेरचं रान वाळलेलं असावं असं वाटतं. पुस्तकात एक पान असं होतं की ते तो कधीच वाचत नसे. शाळेचं पान. तांबं खाली जावो, साखर खाली जावो, त्या पानावरचे आकडे हट्टाने वर चढत असायचे. मुलींचे तर जास्तच. ते पान आलं की गंगाराम अंगठ्याला थुंकी लावायचा आणि दोन पानं एकदम उलटायचा.

अशी सहा वर्षं गेली. मधल्या काळात मुंबईत गिरण्यांचा संप झाला, रघूची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि तो बायकोला, सखूला, घेऊन कायमचा वाडीला आला. सखू सासूचं सगळं हसतमुखाने करायची. थोडक्यात, गंगारामला अडकवणारी एक मोठी कडी आपोआप निघाली होती. त्याच्या ते ध्यानात आलं होतं की नाही कोण जाणे. सवय झालेल्या माणसाला दार उघडं असलेलं दिसत नाही.

शहाऐंशीच्या शिमग्यानंतर लुसाकाहून पत्र आलं. मुसोंडा आता तिथे वरच्या जागेवर होता. दोन वर्षांसाठी माणूस हवा आहे, कुटुंबासह या, एप्रिलअखेरपर्यंत तारेने कळवा. गंगारामने ते कचेरीत वाचलं आणि पाणी प्यायला उठला तो दुसऱ्याच्या टेबलावरचं पाणी पिऊन आला.

घरी त्याने पत्र वाचून दाखवलं. रघू म्हणाला, जा. सखू म्हणाली, भावोजी जावा. राहीने हातातलं सूप खाली ठेवलं. गोदूबाईने खाटेची कड धरून अंग वर ओढलं.

"पाडवा झाला का मंगळवारी कौल लावू," ती म्हणाली. "आनि ह्या टायमाला मी सोता येनार देवळात. माला उचलून न्या."

झालं. गंगारामच्या मनात दिवा लागला होता तो तिथेच विझला. स्वतः येणार म्हणजे डावी पाडल्याशिवाय राहणार नाही!

इथे सांख्यिकीवाल्यांची एक खोड सांगायला हवी. एखाद्या गावाचा आकडा आला नाही तर ते थांबत नाहीत. मागच्या वर्षांचे ठिपके मांडतात, त्यांतून रेघ ओढतात आणि रेघ पुढे नेऊन जिथे जाईल तिथे ह्या वर्षाचा ठिपका ठेवून देतात. बहुतेक वेळा चालून जातं. गंगारामने कौलाचेही ठिपके मनाशी मांडले होते. रघूचं लग्न, परड्यातला फणस तोडणं, विहीर आणखी खणणं, त्याचं आफ्रिकेला जाणं. गोदूबाईचा कल ज्या बाजूला, पाकळी त्या बाजूची पडली नाही असं कधीच झालं नव्हतं. विठू गुरव लबाड होता असं नव्हे. पण त्याने हिला लहानपणापासून बघितलेलं. एक पाकळी लावताना अंगठा जड होणार, दुसरी लावताना हलका. त्याचं त्यालाही कळत नसेल. तेव्हा ह्या कौलाचा ठिपका कुठे पडणार हे गंगारामला देवळात न जाताच दिसत होतं.

आणि मग त्याने ती गोष्ट केली. पाडव्याच्या आधी, कचेरीतून मधल्या सुट्टीत तारघरात गेला आणि लुसाकाला नकाराची तार केली.

का केली? कौलानंतरही वेळ होता. पण एकदा त्या पाकळीने त्याला नाही म्हटलेलं होतं. तेच पुन्हा गर्दीत उभं राहून ऐकायचं त्याच्या जिवावर आलं. नकारच मिळायचा तर तो आपल्या हातचा असावा. शिवाय मुसोंडाला काय लिहायचं, देवीची पाकळी डावी पडली म्हणून? त्याने ऐटीत इंग्रजीत लिहिलं: तुमच्या देशाचे आर्थिक आकडे पाहता, मला येणं शक्य नाही. तारमास्तरांनी शब्द मोजले आणि चष्म्यावरून बघितलं. बाहेर पडताना गंगारामला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. ते वाटणं मारुतीच्या पारापर्यंत टिकलं. तिथून पुढे सायकल हातात धरून तो घरापर्यंत चालत गेला.

घरी तो बोलला नाही. बोलून काय उपयोग? मंगळवारी डावी पडेल, सगळं आपोआप मिटेल.

मंगळवारी रघूने आणि शेजारच्या भागोजीने गोदूबाईला खुर्चीसकट उचलून देवळात नेलं. सहा वर्षांनी ती उंबऱ्याबाहेर पडत होती; वाटेत तिने प्रत्येक घराकडे मान वळवून बघितलं. देवळात गार होतं. राही खांबाशी चिमाला घेऊन उभी राहिली. विठूने पाकळ्या भिजवल्या, लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"आये माजे, ह्ये तुजा लेकरू परमुलखात जायाचा म्हनतंय. त्याची आयस आज तुज्या पायाशी आली हाय. जायाचा असंल तर उजवी दे, ऱ्हायाचा असंल तर डावी दे. लेकराला टांगून ठेवू नको गे आये."

"व्हय म्हाराजा," मागची माणसं म्हणाली.

गंगारामने डोळे मिटले. ज्या गोष्टीसाठी सहा वर्षं जीव तळमळला ती होऊ नये म्हणून तो आता देवीला विनवत होता. डावी दे. आये, डावी दे. माझी तार खरी कर. कुणीतरी खोकलं. विठूच्या तोंडून "हां" असं निघालं, आणि गंगारामने डोळे उघडले.

उजवी पाकळी खाली पडलेली होती. डावी पाषाणाला घट्ट चिकटून होती, जणू तिचा ह्या प्रकाराशी संबंधच नव्हता.

"उजवा!" रघू ओरडला. भागोजीने गंगारामच्या पाठीत थाप मारली. चिमाला काही कळलं नाही, तरी ती नाचली. गोदूबाईने हात वर करून लेकाला जवळ बोलावलं, आणि तो वाकला तसा त्याचा कान धरून म्हणाली:

"जा आता. तवा मीच डावी मागितली, माज्या भ्यानं. त्या बुकातला वाईट वाचताना तुजा तोंड कसा खुलतंय ता माला दिसत नाय व्हय? मी बरा झाला म्हनायची ती तुला बरा वाटावा म्हनून. म्हटला, आता पुरे. पोर सुकला माजा."

गंगारामने वाकूनच तिची खुर्ची धरली. त्याने कौल मोजले होते, आईला कधी विचारलं नव्हतं. तिच्या मनात काय आहे हे विठूच्या अंगठ्याला कळलं, आणि ह्याला नाही.

घरी येताच राहीने रघूला माळ्यावर चढवलं. निळी बॅग खाली आली. तिच्यावर धूळ असणार म्हणून गंगाराम फडकं घेऊन पुढे झाला, तर बॅगेवर धूळ नव्हती. राहीने ती उघडली आणि वरचाच स्वेटर काढून चिमाच्या डोक्यातून घातला.

तो तिच्या अंगात बसला. सात वर्षांच्या पोरीला, वर्षाच्या बाळासाठी विणलेला स्वेटर, मनगटापर्यंत नीट बसला.

गंगाराम बघत राहिला. गळ्याशी जुना आकाशी रंग होता. त्याच्याखाली पिवळी पट्टी, मग विटकरी, मग जांभळी, मग हिरवी, मग एक भलताच गुलाबी.

"हा केवढा होता," तो म्हणाला.

"दर पावसाळ्यात उसवायचा, नि मोठा करून परत विणायचा," राही म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "जुनी लोकर पुरायची नाही, मग दुकानात जो रंग असेल तो. अचानक निघायची वेळ आली तर पोरीला थंडी वाजायला नको."

"माज्या म्होरंच बसून इनायची ती," खाटेवरून गोदूबाई म्हणाली. "तू कचेरीत गेलास का. मी बगत्ये ना सहा वरसं."

गंगारामने आयुष्यभर कोष्टकं वाचली होती, पण असं कोष्टक त्याच्यासमोर कधी आलं नव्हतं. एकेका वर्षाची एकेक पट्टी. त्याने ज्या वर्षी साखर निम्म्यावर आली म्हणून मान हलवली ती ही विटकरी. ज्या वर्षी तांबं पडलं म्हणून जेवण गोड लागलं ती ही हिरवी. तो त्या देशाला वर्षावर्षाने वाळवत होता आणि त्याच घरात, त्याच माजघरात, ही बाई वर्षावर्षाने तिकडे जायची तयारी वाढवत होती. तो उंबऱ्यावर बसला. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी तारघर उघडायच्या आधी तो दारात होता. आधीची तार रद्द समजावी, येतो आहे, कुटुंबासह येतो आहे. तारमास्तरांनी ह्या वेळी चष्मा काढूनच बघितलं. "शिवलकर, नक्की काय ते ठरवा बुवा," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस गंगारामने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. घरात कुळथाचं पीठ दळलं जात होतं, आमसुलं बांधली जात होती. वाडीतली माणसं येऊन विचारून जायची, तिकडे भात मिळतो का, वाघ गावात येतात का. चैत्रातलं हळदीकुंकू झालं त्यात राहीला सगळ्यांनी जास्तच कैरीची डाळ वाढली. गंगाराम हसायचा. उत्तरं द्यायचा. कचेरीत शिपाई नुसता दाराशी आला तरी हा खुर्चीतून उठायचा. सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवायचा, आणि रोज संध्याकाळी आईच्या खाटेला वळसा घालताना ते गिळून टाकायचा. कुठे पळणार? एका बाजूला ते लोक तयारी करत होते, दुसऱ्या बाजूला त्याची तार समुद्रापलीकडे कुणाच्या तरी टेबलावर पडली होती, आणि हा मधे.

उत्तर कचेरीत आलं. जागा दुसऱ्यास दिली. क्षमस्व. आम्ही अजून इथेच राहतो. मुसोंडा.

शेवटचं वाक्य, त्याच्या आकड्यांना दिलेलं उत्तर, गंगारामने पुन्हा पुन्हा वाचलं. तारेत शब्दाला पैसे पडतात. तरी मुसोंडाने तेवढे खर्च केले होते.

घरी जाऊन तो आईच्या पायथ्याशी उभा राहिला आणि जे त्याला सगळ्यात चांगलं येत होतं तेच त्याने केलं. "तांब्याचा भाव फारच पडला," तो म्हणाला. "त्यांनी जागाच रद्द केल्या. परदेशी माणसं नकोत म्हणाले." कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. सहा वर्षं त्याने ह्या माणसांना तांब्याचा भावच तर ऐकवला होता.

रघूने एक शिवी हासडली. गोदूबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"माज्यामुळं रे," ती रडायला लागली. "तवा मी डावी मागितली नसती तर तू तिकडंच असतास. देवी आता देत व्हती, पर येळ गेली. माज्या हाडानं खाल्लान तुजा नशीब."

गंगारामने तोंड उघडलं. आता, आता सांगायचं. एक वाक्य होतं, आई, तार मी केली. त्याने आईचे पाय चेपायला घेतले.

संध्याकाळी तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला तेव्हा राही मागोमाग आली. कळशी तिने भरली नाही, नुसती काठावर ठेवली.

"तारमास्तरांची बायको हळदीकुंकवाला आली होती," ती म्हणाली. "तिला वाटलं मला माहीत आहे. म्हणाली, तुमच्या ह्यांनी आधी नाही कळवलं नि मग हो कळवलं, किती तो घोळ."

गंगारामच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होत्ये. वाट बघायची सवय आहे मला." तिने कळशी काठावर नीट सरकवली. "माझं सोडा. सासूबाईंना तेवढं सांगा. त्या मेल्या तरी हेच धरून मरतील. खरं ते सांगा त्यांना, काय ते शिव्या देतील नि मोकळ्या होतील."

"सांगतो," गंगाराम म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. उद्या, परवा, पाऊस उतरला की, गणपती झाले की. राहीने पुन्हा विषय काढला नाही. पावसाळाभर त्याने तिच्या हाताकडे चोरून बघितलं. त्या वर्षी तिने लोकर आणली नाही.

सत्त्याऐंशीच्या सुरुवातीला बातमी कळली की झांबियात मक्याच्या पिठाच्या भावावरून दंगली झाल्या. पाठोपाठ पुस्तकही आलं. इतक्या वाईट तारेनंतरही मुसोंडाने ते पाठवलं होतं. रविवार आला. न वाचावं तर आई विचारणार. गंगाराम खाटेशी बसला. चिमा पाटीवर काहीतरी गिरवत होती. राही भिंतीला टेकून बसली, आणि तिच्या मांडीवर स्वेटर होता. त्याला वाटलं, विणते आहे. जीव थोडा भांड्यात पडला.

"तांबं आणखी खाली," त्याने सुरुवात केली. "त्यांच्या पैशाची तर दशा झाली. पेपरात तर आलंच आहे, पिठावरून दंगली झाल्या, माणसं मेली."

"बरा झाला नाय गेलास," गोदूबाई म्हणाली.

हे ती कुणासाठी म्हणते ते आता गंगारामला माहीत होतं. त्याने साखर वाचली, औषधं वाचली, अंगठ्याला थुंकी लावली आणि दोन पानं एकदम उलटली.

"शाळेचं पान राहिलं," राही म्हणाली.

त्याने वर बघितलं. ती स्वेटरकडेच बघत होती. म्हणजे आपण कचेरीत गेल्यावर हीसुद्धा ती पुस्तकं उघडत होती. सगळी वर्षं. त्याने काय वाचलं आणि काय गाळलं, तिला पान न् पान ठाऊक होतं.

"वाचा ना," ती म्हणाली.

गंगाराम मागे आला. आकडा त्याच जागी होता, वर चढलेला. त्याने वाचला. शाळेत जाणाऱ्या मुली, गेल्या वर्षापेक्षा जास्त. त्याच्या आदल्या वर्षापेक्षा जास्त.

"इतक्या वाईटातसुदा पोरी साळंत जातायत?" गोदूबाईने मान उचलली. "ह्या पान दर वरसाला असतंय?"

"असतं."

"मंग कदी वाचलास नाय तो."

गंगारामने पानावर बोट ठेवलं. तो आईच्या तोंडाकडे बघत थांबला, नेहमीचं वाक्य यावं म्हणून. बरा झाला. एवढं म्हणाली की पुस्तक मिटता येईल. गोदूबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग पाटीवर वाकलेल्या चिमाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. ती काही म्हणाली नाही.

माजघरात नुसता लोकरीचा बारीक आवाज येत होता. राही विणत नव्हती. तिने गुलाबी पट्टी उसवून संपवली होती, हिरवी सुरू केली होती, आणि सुटलेला धागा ती शांतपणे गुंडाळत होती.